तिकीट काउंटरवर काढा, डॉलर वाचवा

बडोद्यात आपल्या ओळखीच्या घरांत, ज्यांचं कुणीच अमेरिकेत नाही असं घर आता शोधावं लागतं. उन्हाळ्यात आई-बाबा तिकडे गेले, की मुलं त्यांना फ्लोरिडा नाहीतर लास व्हेगास दाखवायला नेतात. तिकिटं निघतात अलीजियंट किंवा फ्रंटियरसारख्या स्वस्त कंपन्यांची, मोबाइलवर, दोन मिनिटांत. ती दोन मिनिटं बरीच महाग पडतात.

अलीजियंटच्या तिकिटाचा तपशील उघडून पाहा. भाडं आणि कर यांच्या जोडीला ‘इलेक्ट्रॉनिक कॅरियर युसेज चार्ज’ अशी एक ओळ दिसेल. माणशी, प्रत्येक उड्डाणामागे साधारण २२ डॉलर. फ्रंटियर जवळपास तेवढेच ‘कॅरियर इंटरफेस चार्ज’ म्हणून घेते. आई-बाबा, मुलगा आणि सून असे चौघं जाऊन-येऊन धरले, तर आठ गुणिले २२, म्हणजे १७६ डॉलर! तेच तिकीट विमानतळावर कंपनीच्या काउंटरवर घेतलं, तर हे शुल्क लागत नाही.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून मला याची गंमत वाटली. मशीनकडून काम करून घेतलं तर पैसे, समोर बसलेल्या माणसाकडून घेतलं तर फुकट! पण खरी मेख करात आहे. अमेरिकेत देशांतर्गत विमानभाड्यावर ७.५ टक्के केंद्रीय कर लागतो. ऐच्छिक शुल्कावर तो लागत नाही. काउंटरचा बिनशुल्क मार्ग उघडा ठेवला, की ऑनलाइन शुल्क ‘ऐच्छिक’ ठरतं आणि तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो. काउंटर ठेवायचं, पण तिथे फारसं कुणी येणार नाही हेही ठाऊक असायचं. हुशारी आहे खरी!

तिकीट प्रवासाच्या दिवशी काढायचं नाही. काही आठवडे आधी फक्त ते घेण्यासाठी जायचं. अलीजियंटची बरीच उड्डाणं छोट्या विमानतळांवरून असतात आणि तिकीटविक्री ठरावीक वारी, ठरावीक तासांतच चालते. वेळा कंपनीच्या वेबसाइटवर पाहून घ्या. निघण्यापूर्वी त्याच दिवशीचं ऑनलाइन भाडं पाहून ठेवा, सगळ्यांची पासपोर्टवरची नावं आणि जन्मतारखा लिहून न्या. सामानाचे पैसे तिकिटासोबतच भरा. बॅगेसाठी विमानाच्या दारात पैसे मोजायची वेळ आली, तर वाचवलेलं सगळं तिथेच जातं. आणि एकट्याच्या एकेरी तिकिटासाठी तासभर गाडी चालवत जाऊ नका; पेट्रोल आणि पार्किंग त्याहून जास्त होईल.

हा हिशेब भारतात जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे ऑनलाइन ‘कन्व्हीनियन्स फी’ लागते, पण काउंटरवरही वेगळं शुल्क असू शकतं. आधी फोन करून विचारा, उगाच हरणीपर्यंत हेलपाटा नको.