कोरी तक्रारवही

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ मेहकर हे गाव आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि उच्च शिक्षणात बहुधा इंग्रजी, असा तीन भाषांचा संसार तेथील मराठी मुलास सांभाळावा लागतो. गावची शाळा संपली की तो भालकी, बीदर, कलबुर्गी किंवा हद्दीपलीकडच्या उदगीर-लातूरची वाट धरतो. अशा मुलास वसतिगृहात जातीवरून टोमणे ऐकावे लागले, खानावळीत त्याचे ताट बाजूला पडले, किंवा भाषेवरून वर्गात त्याचे हसे झाले, तर त्याने कोणापाशी जावे? प्रश्न मेहकरचा असला तरी मेहकरपुरता नाही. गोमंतकातील मुलेही शिक्षणासाठी बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठतात. म्हणून त्याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

कायद्याची वाण आपल्याकडे नाही. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या वा त्यातून अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही, असे घटनेचे २९ वे कलम सांगते. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा १९७६ साली ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने अधिक कडक झाला. शिक्षणसंस्था आणि वसतिगृहे त्याच्या कक्षेत आहेत. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेविषयी नियम केले. समान संधी कक्ष उघडावा, भेदभावाच्या तक्रारींसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा आणि तक्रारीचा निकाल साठ दिवसांत लावावा, असे त्यांत सांगितले होते. कागदावर यापेक्षा अधिक काय हवे?

परंतु कागद आणि कारभार यांच्यामध्ये मोठी दरी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. वसतिगृहापासून खेळाच्या मैदानापर्यंत आणि शिक्षकांच्या वागणुकीपर्यंत भेद कसा झिरपला आहे, हे तिच्या २००७ च्या अहवालाने दाखवून दिले. पुढे १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुला याने जीवन संपविले. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी हिचा अंत झाला. जळगावकडची ही आदिवासी मुलगी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. ज्येष्ठ सहाध्यायींच्या छळाविषयी आपण आधीच सांगितले होते, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे. आरोपींच्या दोषादोषाचा निर्णय हा न्यायालयाचा विषय. त्यात आम्ही शिरत नाही. मात्र नियम झाले २०१२ साली, आणि त्यांची अंमलबजावणी मागण्यासाठी रोहित व पायल यांच्या मातांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

असे का व्हावे? आमच्या मते याचे मूळ संस्थेच्या अब्रूविषयीच्या चुकीच्या कल्पनेत आहे. तक्रार आली म्हणजे महाविद्यालयाच्या नावास बट्टा लागला, अशी अनेक प्राचार्यांची आणि संस्थाचालकांची समजूत असते. मग तक्रारदारास ‘समजूतदारपणा’ शिकविला जातो, पालकांना बोलावून परीक्षा जवळ आल्याची आठवण दिली जाते, आणि वर्षअखेरीस तक्रारवही कोरी असल्याचा अभिमानाने उल्लेख होतो. कोरी वही दोन कारणांनी कोरी राहते. अन्याय झालाच नाही, हे एक. आणि लिहिण्याची कोणाची छाती झाली नाही, हे दुसरे. ज्याच्या हाती प्रात्यक्षिकाचे गुण आहेत त्याच्याविरुद्ध त्याच्याच खोलीशेजारी बसलेल्या सहकाऱ्याकडे दाद मागायची असेल, तर गरिबाघरचे मूल मुकाट्याने सोसण्याचाच मार्ग पत्करील.

खोट्या तक्रारींनी निरपराध शिक्षक वा विद्यार्थी नाहक भरडला जाईल, अशी भीती काही सज्जन व्यक्त करतात. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु तिच्यावरचा उपायही रीतसर चौकशी हाच आहे. लेखी तक्रार, दोन्ही बाजूंची साक्ष, ठरलेली मुदत आणि कारणांसह दिलेला निर्णय यांनी निरपराधाचेही रक्षण होते. तक्रार दडपली की मागे उरते ती कुजबूज, आणि कुजबुजीपुढे निर्दोष माणसालाही आपली बाजू मांडता येत नाही.

मेहकरचा मुलूख एके काळी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि वर्गांतून काढून टाकले. नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आसरा दिला. तेव्हा दाद मागण्यास कायदाच नव्हता. आज कायदा आहे. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची इच्छा तेवढी हवी. ज्या बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे, जेथे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जातिभेदाला आव्हान दिले, तेथील महाविद्यालयांना समतेचा धडा बाहेरून आणावा लागू नये.

आमच्या सूचना साध्या आहेत. तक्रार ऐकणाऱ्या समितीत संस्थेबाहेरचा एक तरी निःपक्षपाती माणूस असावा. तक्रार मिळाल्याची पोच त्याच दिवशी द्यावी. चौकशी चालू असता तक्रारदाराचे गुण दुसऱ्या परीक्षकाने तपासावेत. दरवर्षी किती तक्रारी आल्या आणि किती निकालात निघाल्या, हे नावे न देता सूचनाफलकावर लावावे. आणि भाषेची आडकाठी नसावी. केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. मेहकरच्या मुलाने आपले दुःख मराठीत लिहिले म्हणून तो अर्ज परत करण्याचे धाडस कोणा सरकारी महाविद्यालयाने करू नये.

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सालाझारशाहीची बंदी झुगारली, ती नागरी स्वातंत्र्यासाठीच. तोंड उघडण्याच्या हक्काची किंमत गोमंतकाने मोजलेली आहे. तोच हक्क महाविद्यालयाच्या दारात अडत असेल, तर त्याची दखल आम्ही घेतलीच पाहिजे. यंदा मुलाचा प्रवेश घेताना पालकांनी फीची चौकशी करावी, वसतिगृहाची करावी, आणि त्याबरोबर येथे तक्रार कोण ऐकतो, तो किती दिवसांत उत्तर देतो, हेही विचारावे. उत्तर देताना जे कार्यालय अडखळेल, त्याच्या कोऱ्या वहीवर कोणी विश्वास ठेवू नये.