बोटांचाही रोजा

रोजा केवळ पोटाचा नसतो. डोळ्यांचा, कानांचा, जिभेचाही असतो. जो खोटे बोलणे सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, असे हदीसमध्ये येते. आता यात बोटेही धरायला हवीत. पूर्वी चहाडी करायला निदान शेजारच्या पडवीपर्यंत चालत जावे लागे!

२०२५ मध्ये रमजानातच शिमगा आला. १२ मार्चच्या रात्री राजापुरात होळीच्या माडाची मिरवणूक मशिदीच्या दाराशी आली आणि काही सेकंदांचा व्हिडिओ देशभर फिरला. कोणी 'मशिदीवर हल्ला' म्हणून पाठवला, कोणी 'काही घडलेच नाही' म्हणून. माड मशिदीच्या पायरीला टेकवण्याची तिथली जुनी प्रथा पहिल्यांना ठाऊक नव्हती. घोषणाबाजीबद्दल पोलिसांनी गुन्हा दाखल केला, हे दुसऱ्यांना सांगायचे नव्हते. पाठवणारे मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या दुकानात जायचे होते ते राजापूरकरांना.

तिथे कुणाचा जीव गेला नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी गेले. मोबाइलवरच्या अफवेमुळे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

आलेली बातमी आधी पडताळा, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान करून पस्तावाल, असे कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बजावले आहे. इफ्तारला वीस मिनिटे असतात, हात रिकामे, मोबाइल जवळ. राजापुरातला एखादा नंबर आपल्यापैकी बहुतेकांकडे असतोच. तो लावून विचारायला तेवढा वेळ पुरतो.