निपलच्या मापाचीच चावी घ्या

सायकलचे चाक फिरताना रिम ब्रेकच्या रबराला दर फेरीत एकाच ठिकाणी घासत असेल, तर चाक आऊट झाले आहे. ते सरळ करताना स्पोक नव्हे, तर त्याच्या रिमकडच्या टोकावरचे छोटे चौकोनी निपल फिरवावे लागते. निपल बहुधा पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे पोलादी चावीपेक्षा मऊ असते. चावीची खाच जराही सैल असली, की जोर सपाट बाजूंऐवजी कोपऱ्यांवर येतो. ते झिजून निपल गोल होते आणि मग चावी नुसतीच फिरते.

मापांतला फरक अगदी थोडा असतो. पार्क टूल कंपनीची काळी चावी ३.२३ मिलिमीटरची, हिरवी ३.३०, लाल ३.४५ आणि निळी ३.९६ मिलिमीटरची आहे. काळ्या-हिरव्यातले अंतर ०.०७ मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारे! म्हणून सुरुवात सर्वांत लहान मापापासून करा. जी पहिली चावी जबरदस्ती न करता बसेल आणि डुगडुगणार नाही, तीच योग्य.

अनेक खाचांची गोल चावी स्वस्त पडते, पण घाईत चुकीची खाच लागू शकते. घरच्या सायकलसाठी निपलच्या मापाची एकच चावी घ्या आणि एका वेळी पाव फेराच द्या.