यंत्र विकले, पण काम संपले का?

मिक्सर, वॉशिंग मशीन किंवा पाणी शुद्ध करणारे यंत्र घरी आले की ग्राहकाला वाटते, व्यवहार पुरा झाला. हुशार उत्पादकाच्या दृष्टीने मात्र तो तेव्हा सुरू होतो. यंत्र घरात वर्षानुवर्षे टिकते, पण त्याची देखभाल, सुटे भाग आणि दुरुस्ती यांची गरज पुन्हा पुन्हा पडते. म्हणूनच अनेक कारखानदारांनी वस्तूला सेवेची जोड दिली आणि त्यातून चांगला नफा मिळवला.

यंत्राबरोबर शिकवणीही

अमेरिकेतील सिंगर कंपनी १८५१ मध्ये सुरू झाली. त्या काळी शिवणयंत्राची किंमत सामान्य कुटुंबाला झेपणारी नव्हती. शिवाय ते चालवायचे कसे आणि बिघडले तर काय करायचे, ही धास्ती होतीच. १८५६ च्या सुमारास कंपनीने हप्त्यांची सोय केली. दुकानांत प्रात्यक्षिक दाखविणाऱ्या स्त्रिया आणि दुरुस्ती करणारे कारागीर नेमले. गिऱ्हाइकाची भीती गेली आणि विक्री वाढली.

१९५९ मध्ये आलेल्या झेरॉक्सच्या ‘९१४’ या यंत्राची कथाही अशीच आहे. ते इतके महाग होते की विकत घेणारे थोडेच मिळाले असते. म्हणून ते महिना ९५ डॉलर भाड्याने देण्यात आले. त्यात २,००० प्रती काढता येत. त्यापुढच्या प्रत्येक प्रतीला वेगळे पैसे पडत. कचेऱ्यांतून प्रतींची मागणी वाढत गेली, तशी कंपनीची कमाईही वाढत गेली.

बिघाडाचा भार कोणावर?

१९६२ मध्ये ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडली कंपनीने आणखी पुढचे पाऊल टाकले. छोट्या जेट विमानांच्या ‘वायपर’ इंजिनांसाठी तिने उड्डाणाच्या तासांप्रमाणे ठरावीक रक्कम घेण्यास सुरुवात केली. त्यात देखभाल आणि इंजिन बदलून देणे, दोन्ही आले. पुढे ही कंपनी रोल्स-रॉइसकडे गेली आणि तिथे या पद्धतीचा विस्तार झाला.

इथे एक मोठा फरक पडतो. इंजिन बंद पडले तर नुकसान उत्पादकाचेही होते. त्यामुळे ते बिघडूच नये, याची काळजी तोच घेतो. याउलट प्रत्येक दुरुस्तीमागे पैसे मिळत असतील, तर यंत्र टिकावे अशी कळकळ विक्रेत्याला का वाटावी? सेवेतून मिळणारा नफा वाईट नाही, पण तो यंत्र चालण्यातून मिळतो की बिघडण्यातून, हे महत्त्वाचे आहे.

अर्थात या धंद्यात धोकाही आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत विमाने जमिनीवरच उभी राहिली, तेव्हा उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असलेल्या रोल्स-रॉइसचे उत्पन्न एकदम घटले. कंपनीला सुमारे ९,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा करावी लागली.

गृहिणींनी काय पाहावे?

घरगुती यंत्रांचा वार्षिक देखभाल करारही याच जातीचा आहे. हमीची मुदत संपताच तो पुढे केला जातो आणि घाईघाईत सही होते. सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्या. करारात सुटे भाग येतात की फक्त मजुरी? वर्षात किती वेळा तपासणी होणार? तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार? उत्तरे लेखी घ्या, पावती जपून ठेवा. कराराची रक्कम आणि नव्या यंत्राची किंमत यांचीही तुलना करा.

पैसे घेऊनही सेवा नीट दिली नाही, तर ती कायद्याने ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. १९८६ च्या कायद्याने ग्राहकाला हे संरक्षण दिले. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

उत्पादकांनीही ध्यानात घ्यावे की वेळेवर आलेला कारागीर जाहिरातीपेक्षा जास्त विक्री करतो. फ्रिजच्या दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागलेले कुटुंब त्याच कंपनीचा टीव्ही घेताना दहा वेळा विचार करेल आणि शेजाऱ्यांनाही तसेच सांगेल.