दिवस जाण्याआधी

एचआयव्ही असलेल्या बाईला दवाखान्यात वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला गेला: दिवस गेलेत का? मूल हवंय का, हे विचारायला फार उशीर झाला.

१९८६ मध्ये चेन्नईत देशातली पहिली लागण उघड झाली. त्यानंतर बराच काळ सल्ला ठरलेला असे: मूल नको. सल्ल्याला आधार होता. औषधाविना, अंगावरचं पाजणं धरून, शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होत असे. पण नवऱ्याकडूनच लागण झालेली, आजार कुणापाशी न बोललेली सून घरी रोज ‘अजून काही नाही?’ ऐकत असे. तिने काय सांगायचं?

१९९४ मध्ये एझेडटी या औषधाने बाळांना लागण होण्याचं प्रमाण साडेपंचवीस टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आणलं. १९९९ मध्ये युगांडातून नेव्हिरापिन या औषधाची बातमी आली, आणि आपल्याकडेही तेच सुरू झालं. कळा लागल्या की आईने एक गोळी गिळायची, बहात्तर तासांच्या आत बाळाला जरासं सिरप. स्वस्त आणि सोपं. बाळं वाचली, हे खरंच. पण त्या एका गोळीने आईच्या अंगात औषधाला न जुमानणारा विषाणू उरू शके, आणि पुढे तिच्याच उपचारात तो आडवा येई. कार्यक्रमाच्या हिशेबात आई म्हणजे लागणीची वाट, एवढंच.

२००४ पासून एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधयोजना, मोफत मिळू लागली; २०१४ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला कायमची, २०१७ पासून लागण झालेल्या प्रत्येकाला. त्यामुळे बाई आता गोळ्या चालू असतानाच गरोदर राहू लागली. याचं मोल फ्रान्समधल्या नोंदींत दिसतं: गर्भधारणेआधीपासून औषध घेणाऱ्या आणि बाळंतपणाच्या वेळी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, पन्नासच्या खाली असलेल्या आयांच्या २,६५१ बाळांपैकी एकालाही लागण झाली नाही. जोडीदाराला लागण होण्याची भीतीही ओसरली. २०११ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनात, ज्यात पुण्यातली जोडपीही होती, वेळीच सुरू केलेल्या उपचारामुळे जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली.

मग आलं २०१८. बोट्सवानात गर्भधारणेच्या वेळी डोल्यूटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध घेणाऱ्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मज्जानलिकेत दोष आढळला. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती ही नलिका गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते; तेव्हा बाईची पाळी जेमतेम चुकलेली असते. म्हणजे गरोदर राहिल्यावर औषध बदलून उपयोग नाही, जे करायचं ते आधी. अनेक देशांनी सोपी वाट धरली: मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे औषधच नको. त्याच जुलैत आफ्रिकेतल्या एचआयव्हीग्रस्त बायका किगालीत जमल्या आणि म्हणाल्या, धोका काय तो सांगा, निवड आम्ही करू. मला या सगळ्या इतिहासातला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. वर्षभरात नोंदी वाढल्या, धोक्याचा आकडा उतरला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने औषध सगळ्यांसाठी खुलं केलं.

२०१७ च्या आपल्या एचआयव्ही कायद्याने संमतीविना गर्भपात आणि नसबंदीला मनाई केली. मूल हवं असलेल्या बाईसाठी आता तयारीची यादी साधी आहे: व्हायरल लोड, हिमोग्लोबिन, सिफिलिस आणि क्षयाची तपासणी, नवऱ्याची चाचणी, आणि रोज चारशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. मज्जानलिकेतले दोष टाळायला मदत करणारी ही गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते. आपल्याकडे ती हातात पडते गरोदरपणाची नोंदणी झाल्यावर, तोवर नलिका कधीच मिटलेली असते.