एक टक्का पोलाद

ऐंशी हजार. एम-११३ या अमेरिकी चिलखती सैन्यवाहक गाडीचे सगळे प्रकार धरले, तर १९६० पासून जगात सुमारे एवढ्या गाड्या तयार झाल्या. एका गाडीची लांबी ४.८६ मीटर. सगळ्या गाड्या नाकाला शेपूट लावून उभ्या केल्या तर रांग भरेल जवळजवळ ३८९ किलोमीटर, म्हणजे पहिली गाडी मुंबईत असेल तर शेवटची कोल्हापूरच्या आसपास. एका गाडीत दोघे चालक दलाचे आणि अकरा शिपाई, असे तेरा जण मावतात. त्या हिशेबाने ही रांग एका वेळी दहा लाख चाळीस हजार माणसं बसवून नेईल. पहिल्या नमुन्याचं वजन सुमारे १०.४ टन धरलं, तरी एकूण भार आठ लाख टनांच्या वर जातो.

या डोळे फिरवणाऱ्या आकड्यांच्या शेजारी मला एक अगदी लहान आकडा ठेवायचा आहे: एक टक्का. गाडीच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का पोलादाने या गाडीचा स्वभाव बदलला. तो पत्रा कारखान्यातून आला नव्हता. व्हिएतनामच्या चिखलात, भंगारातून, वेल्डिंगच्या ठिणग्यांमधून तो गाडीवर चढला, आणि तो चढण्याआधी माणसं मेली होती.

मुळात एम-११३ ही लढायची गाडी नव्हतीच. शिपायांना आघाडीच्या जवळ नेऊन उतरवायचं आणि मागे फिरायचं, एवढंच तिचं काम. विमानातून नेता यावी, नदीत तरंगावी म्हणून तिचं कवच अॅल्युमिनियमचं केलं. पोलादाचा एक घनमीटर सुमारे ७.८५ टन भरतो, अॅल्युमिनियमचा २.७ टन. म्हणजे तेवढ्याच वजनात जवळजवळ तिप्पट जाडी मिळते. पुढच्या बाजूला कवच ३८ मिलिमीटर जाड. साध्या रायफलीच्या गोळीला आणि तोफगोळ्याच्या कपच्यांना ते पुरतं. गाडीच्या वर १२.७ मिलिमीटरची एक ब्राउनिंग मशीनगन होती. ती चालवायची तर माणसाने हॅचमधून कमरेपर्यंत बाहेर उभं राहायचं. आत बसलेल्या बारा जणांना कवच होतं, तेराव्याच्या छातीपुढे फक्त हवा.

३० मार्च १९६२ रोजी अशा ३२ गाड्या दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यासाठी येऊन पोहोचल्या आणि त्यांच्या दोन कंपन्या उभ्या राहिल्या. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात भाताची खाचरं, कालवे आणि गुडघाभर चिखल. दहा टनांची गाडी इथे रुतणार, असं कुणालाही वाटेल. पण रुंद पट्ट्यांवर वजन पसरल्यामुळे जमिनीवर दाब पडतो तो दर चौरस सेंटिमीटरला फक्त अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणून जिथे ट्रक चाकांपर्यंत बुडत, तिथून ही गाडी बांध फोडत निघून जाई. सुरुवातीचे काही महिने समोरचे गनिमी सैनिक तिला पाहून पळत सुटले. गाडी शिपायांना उतरवायला थांबेनाशी झाली. सरळ शत्रूवर चालून जाऊ लागली. कागदावरची वाहतुकीची गाडी शेतात हलक्या रणगाड्याचं काम करू लागली, पण वर उभा असलेला गनर होता तसाच उघडा राहिला.

२ जानेवारी १९६३. सायगावच्या नैर्ऋत्येला साधारण ६५ किलोमीटरवर अप बाक नावाचं खेडं. झाडांच्या रांगेत, खणलेल्या खंदकांत व्हिएत काँगचे, म्हणजे त्याच गनिमी फौजेचे, सुमारे ३५० सैनिक दबा धरून बसले होते. त्यांच्यावर चालून आलेलं दक्षिण व्हिएतनामी बळ त्यांच्या चौपट होतं, शिवाय हेलिकॉप्टरं, तोफखाना आणि विमानं. त्या दिवशी पाच हेलिकॉप्टरं गेली. हेलिकॉप्टरमधून उतरून उघड्या खाचरात अडकलेल्यांच्या मदतीला कॅप्टन ली तोंग बा यांची तेरा एम-११३ गाड्यांची कंपनी निघाली. कालवे ओलांडता ओलांडता काही तास गेले. गाड्या अखेर झाडांच्या रांगेसमोर आल्या, त्याही एकेक-दोनदोन करून. खंदकातल्या सैनिकांना पक्कं ठाऊक होतं की गाडीवर गोळ्या वाया घालवायच्या नाहीत, वर दिसणाऱ्या माणसावर नेम धरायचा.

या लढाईत मशीनगनवर उभे असलेले किमान चौदा जण मारले गेल्याची नोंद आहे. तेरा गाड्या आणि चौदा गनर, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. निदान एका गाडीत तरी, डोळ्यांदेखत सोबती कोसळल्यावर, त्याला खाली ओढून घेऊन दुसरा माणूस त्याच हॅचमध्ये उभा राहिला असणार. हजारो गाड्यांचा आराखडा आखणाऱ्यांना जे सुचलं नव्हतं, ते त्या चौदा जणांनी जीव देऊन सांगितलं.

यानंतर युनिटांच्या कार्यशाळांत हातोडे पडू लागले. गनरच्या पुढे ढाल हवी, पण पोलाद कुठून आणायचं? बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांचे पत्रे कापले गेले आणि मशीनगनभोवती जोडले गेले. पण जहाजाचं पोलाद मऊ. साध्या बंदुकीची गोळीही त्यातून आरपार जाते, हे लवकरच कळलं. मग निकामी झालेल्या चिलखती गाड्यांचं कवच कापून वापरलं गेलं. ते टिकलं. दक्षिण व्हिएतनामी सैन्याच्या ८० व्या ऑर्डनन्स युनिटने या देशी जुगाडाला नीट रूप दिलं आणि सगळ्या गाड्यांवर बसवता येईल अशी ढाल तयार केली.

आता तो एक टक्का मोजून पाहू. दहा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा घ्या. उभ्या माणसाची छाती, पोट आणि खांदे झाकायला तेवढा पुरतो. त्याचं वजन ७८.५ किलो. १०,४०० किलोच्या गाडीत ते पाऊण टक्काच भरतं. इंजिनाला ते जाणवणारही नाही, पण हॅचमध्ये उभ्या माणसाला मात्र घरी परतण्याची संधी मिळाली.

अमेरिकी सैन्याने हा धडा उचलला. ११ वी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट सप्टेंबर १९६६ मध्ये व्हिएतनामला आली ती आपल्या गाड्यांवर असं कवच चढवूनच. मुख्य मशीनगनभोवती ढाली, हॅचभोवती पोलादी कठडा, आणि मागच्या उघड्या झाकणाच्या दोन्ही अंगांना ७.६२ मिलिमीटरच्या दोन एम-६० मशीनगन, त्यांनाही ढाली. एकीच्या तीन बंदुका झाल्या. या रूपाला ‘एकॅव्ह’ हे नाव पडलं.

तीन बंदुका म्हणजे किती मारा? ब्राउनिंग मिनिटाला साधारण ५०० गोळ्या झाडते, एम-६० साधारण ५५०. तिन्ही मिळून १,६००, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७. ब्राउनिंगचं एक काडतूस सुमारे ११७ ग्रॅमचं, एम-६० चं सुमारे २४. चाप दाबून धरले तर ही एक गाडी मिनिटाला ८५ किलोंच्या आसपास काडतुसं फस्त करेल. अशा दहा गाड्या एका ओळीत आल्या तर मिनिटाला १६,००० गोळ्या आणि ८५० किलो धातू-दारू.

पण या आकड्याला एक मर्यादा आहे. एम-११३ मध्ये ब्राउनिंगसाठी २,००० गोळ्यांचा साठा धरलेला असतो. सलग मारा केला तर तो चार मिनिटांत संपतो. नळी तर त्याआधीच तापून बाद होते. म्हणून गनर दोन-तीन सेकंदांच्या झोडीत मारा करत, आणि गाडीत जिथे जागा सापडेल तिथे काडतुसांच्या पेट्या कोंबत. अकरा शिपायांसाठी केलेल्या गाडीत आता चार-पाच माणसं आणि बाकी सगळा दारूगोळा. गाडीच्या जमिनीवरही पेट्या आणि वाळूची पोती पसरत. त्यालाही कारण होतं.

ते कारण होतं खालून येणारं मरण. याच ११ व्या रेजिमेंटला जून १९६९ ते जून १९७० या एका वर्षात १,१०० हून अधिक सुरुंग आडवे आले. रोज सरासरी तीन. त्यातले साठ टक्के वेळेत सापडले. उरलेल्या चाळीस टक्क्यांनी ३५२ लढाऊ वाहनं निकामी केली. चाळीस टक्के म्हणजे साधारण ४४० सुरुंग. म्हणजे नजरेतून सुटलेल्या दर पाच सुरुंगांपैकी चारांनी एकेक वाहन घेतलं. एका रेजिमेंटची जवळजवळ रोज एक गाडी.

म्हणूनच व्हिएतनामच्या छायाचित्रांत शिपाई गाडीच्या आत दिसत नाहीत, टपावर बसलेले दिसतात. गोळी लागण्याचा धोका त्यांनी पत्करला, कारण आत बसून सुरुंगावर जाणं त्याहून वाईट होतं. काही चालकांनी तर सुकाणूच्या दांड्यांना लोखंडी नळ्या जोडून त्या उंच केल्या आणि ते हॅचच्या काठावर बसून गाडी हाकू लागले. सुरुंग फुटला तर गाडीत चेंगरण्याऐवजी बाहेर फेकलं जावं, एवढीच आशा. कवचाच्या गाडीत कवचाबाहेर बसण्यासाठी केलेला हा बदल सैन्याच्या कुठल्याही आराखड्यात नव्हता.

बाजूने येणारं संकट होतं रॉकेटचं. खांद्यावरून डागायच्या आरपीजी-२ चा गोळा सुमारे १८० मिलिमीटर पोलाद भेदतो, आरपीजी-७ चा सुरुवातीचा गोळा सुमारे २६०. समोर एम-११३ चं काही सेंटिमीटर अॅल्युमिनियम. इथे एक टक्का पोलादाने काही होणार नव्हतं, शंभर टक्क्यांनीही नाही. मग शिपायांनी कुंपणाची तारेची जाळी आणली. तिची गुंडाळी गाडीवर लादून न्यायची आणि रात्री तळ पडला की गाड्यांपुढे उभी करायची. रॉकेट जाळीवर आपटून तिथेच फुटलं, किंवा त्याचा फ्यूज चेंबून ते फुटलंच नाही, तर गाडी वाचली. जगातली महागडी लष्करी यंत्रणा शेताच्या कुंपणामागे रात्र काढत होती, आणि त्यामुळे माणसं सकाळ पाहत होती.

हेच शहाणपण अमेरिकी सैन्याच्या ट्रकवाल्यांनाही जीव गमावून शिकावं लागलं. क्वी न्यॉन बंदरापासून प्लेकूच्या पठारापर्यंत १९ क्रमांकाचा महामार्ग जातो. २ सप्टेंबर १९६७ रोजी या रस्त्यावर, आन खेजवळ, आठव्या ट्रान्स्पोर्टेशन ग्रुपच्या सुमारे चाळीस ट्रकांच्या ताफ्यावर हल्ला झाला. तीस वाहनं नष्ट झाली किंवा मोडली, सात जण ठार, सतरा जखमी. ट्रक चालवणाऱ्या पोरांनी मग स्वतःच रक्षक गाड्या, म्हणजे ‘गन ट्रक’, बनवायला घेतल्या. अडीच टनी ट्रकच्या हौद्याभोवती आधी वाळूची पोती रचली. भरलेलं एक पोतं वीसेक किलोचं, म्हणजे शंभर पोत्यांचे दोन टन. ट्रकची जवळजवळ सारी वहनक्षमता भिंतीतच संपे, आणि पावसात भिजली की पोती आणखी जड होत. म्हणून पोलादी पत्रे आले, मग पाच टनी ट्रक आले, मशीनगनांची संख्या वाढत गेली. काही ट्रकांवर चार ब्राउनिंग एकत्र जोडलेली विमानविरोधी तोफ चढली: चारही नळ्यांमधून मिनिटाला सुमारे २,००० गोळ्या.

काहींनी त्याहून पुढे जाऊन हेलिकॉप्टरवरची सहा नळ्यांची मिनीगन मिळवली. तिचा सर्वोच्च वेग मिनिटाला ६,००० गोळ्या, म्हणजे सेकंदाला शंभर. नळीतून सुटताना गोळीचा वेग सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास. भागाकार केला तर हवेत दोन गोळ्यांमधलं अंतर उरतं साडेआठ मीटर. एक गोळी पुढे गेली की तिच्यामागे साडेआठ मीटरवर दुसरी आलीच. हे सगळं एका मालवाहू ट्रकच्या हौद्यातून, आणि तो ट्रक चालवणारा माणूस सैन्यात आला होता माल पोचवायला.

सर्वांत विलक्षण ट्रक म्हणजे ज्यांच्या हौद्यात एम-११३ चा अख्खा सांगाडाच बसवला होता. पट्टे नाहीत, इंजिन नाही, फक्त अॅल्युमिनियमची पेटी क्रेनने उचलून ट्रकवर ठेवलेली. व्हिएतनामहून परत आणलेला ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ नावाचा एक गन ट्रक आजही अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फोर्ट यूस्टिसच्या संग्रहालयात उभा आहे.

हे साठ वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने युक्रेनला २०० एम-११३ द्यायचं जाहीर केलं, नंतर आणखी पाठवल्या. आता मरण वरून येतं, ड्रोनच्या रूपाने, आणि शिपाई पुन्हा जाळ्या आणि लोखंडी पिंजरे वेल्डिंग करताहेत. पलीकडे रशियन बाजूला एमटी-एलबी या सोव्हिएत सैन्यवाहक गाडीवर १९५० च्या दशकातल्या आरमारी नौकांची जुळी २५ मिलिमीटर तोफ बसवलेली दिसली आहे. पाण्यावरची तोफ चिखलात उतरली.

युद्धाची सामग्री मोजताना आपण गाड्या, टन आणि गोळ्या मोजतो. माझ्या मते त्याच्या आधी मोजायला हवा तो काळ. अप बाक १९६३ च्या जानेवारीत घडलं आणि अमेरिकी रेजिमेंट पूर्ण ढालींसह उतरली १९६६ च्या सप्टेंबरात. मध्ये गेली साडेतीन वर्षं आणि काही महिने. भंगारातल्या पत्र्याने दाखवून दिलेलं सत्य मोठ्या सैन्याच्या नेहमीच्या साहित्यात उतरायला एवढा वेळ लागला. तो जितका लांबतो, तितकी माणसं उघड्या हॅचमध्ये उभी राहतात. ऐंशी हजार गाड्या बनवू शकणाऱ्या व्यवस्थेला पाऊण टक्का पोलाद कधीच जड नसतं. हॅचमध्ये उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं तिने पहिल्याच दिवशी ऐकायला हवं.