विश्लेषण : तपकिरी कागद ते मोबाइलचा पडदा… समलिंगी समुदायाला स्वतःचे बातमीपत्र का काढावे लागले?

जानेवारी २०१० मध्ये ‘गेलॅक्सी’ हे समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठीचे ऑनलाइन नियतकालिक सुरू झाले. पुढच्याच महिन्यात अलिगढमध्ये एका मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात कॅमेरा घेऊन माणसे घुसली. हे प्राध्यापक मूळचे नागपूरचे, म्हणजे आपल्याच विदर्भातले. दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. मात्र या समुदायाला स्वतःची बातमी स्वतःच का लिहावीशी वाटली, हे दुसऱ्या घटनेवरून लगेच कळते.

‘गेलॅक्सी’ची सुरुवात कशी झाली?

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ‘नाझ फाउंडेशन’ खटल्यात निकाल दिला. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत, असे त्यात स्पष्ट झाले. त्यानंतर सहा महिन्यांत सुखदीप सिंग या तरुणाने ‘गेलॅक्सी’ सुरू केले. सुखदीप व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता. अंक छापायचा नाही, थेट इंटरनेटवर द्यायचा, अशी रचना होती. त्यामुळे छपाई, वितरण आणि स्टॉलवाल्याची मनधरणी हे तिन्ही प्रश्न एकदम सुटले. बातम्या, मुलाखती, न्यायालयीन निकालांची माहिती, अनुभवकथन आणि कविता असे त्याचे स्वरूप राहिले. पुढे त्यात हिंदी विभागही आला. त्याआधी २००८ मध्ये ‘गेसी’ हे व्यासपीठ सुरू झाले होते. ‘गे’ आणि ‘देसी’ मिळून हे नाव तयार झाले आहे.

इंटरनेटच्या आधी काय होते?

पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले. सुरुवातीला हा अंक तपकिरी कागदात गुंडाळून विकला जाई. विकत घेणाऱ्यालाही कुणी पाहू नये, अशी तेव्हाची स्थिती होती. २००२ मध्ये तो बंद पडला आणि एप्रिल २००९ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याआधी १९८६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात दक्षिण आशियाई समलिंगींसाठी ‘त्रिकोण’ स्थापन झाले होते. त्यांचेही नियतकालिक निघत असे.

मराठीत मात्र हा धागा आणखी मागे जातो. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ या काळात निघाले. वाचकांच्या लैंगिकतेविषयीच्या प्रश्नांना कर्वे त्यात उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरील प्रश्नोत्तरे छापल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. खटला हरला आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र चालूच राहिले.

सिरस प्रकरणात काय घडले?

डॉ. रामचंद्र सिरस अलिगढ मुस्लीम विद्यापीठात मराठी शिकवत. ते कवीही होते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांच्या घरात घुसून त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रीकरण करण्यात आले. विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. २०१६ चा ‘अलिगढ’ चित्रपट याच घटनेवर आहे.

पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, हैदराबादच्या एका वृत्तवाहिनीने डेटिंग संकेतस्थळावरून तरुणांची ओळख काढून ‘स्टिंग’ दाखवले. वाहिन्यांच्या नियामक प्राधिकरणाने तिला १ लाख रुपयांचा दंड केला. या दोन्ही प्रकरणांत समलिंगी माणूस बातमीचा विषय होता. त्याची परवानगी किंवा बाजू मात्र त्या बातमीत कुठेच नव्हती. स्वतःच्या नियतकालिकात हे उलटे होते. तिथे तोच लिहितो, नाव द्यायचे की टोपणनाव हे ठरवतो आणि चेहरा दाखवायचा की नाही हेही त्याच्याच हातात असते.

कायद्याच्या चढउतारात त्यांचे काम काय होते?

सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी २००९ चा निकाल फिरवला. एका दिवसात समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरले. १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ निकालाने पारलिंगी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. दैनिकांसाठी निकालाचा दिवस ही मोठी बातमी असते. ‘उद्या पोलिसांनी पकडले तर काय?’, ‘घरमालक घर सोडायला सांगू शकतो का?’ हे वाचकाचे प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतात. अशा नियतकालिकांची गरज तिथे असते.

चंद्रपूर-गडचिरोलीशी याचा संबंध काय?

विदर्भात नागपूरला ‘सारथी ट्रस्ट’ काम करते आणि तिथे २०१६ मध्ये अभिमान पदयात्राही निघाली. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. भामरागडच्या मुलाला तर आधी गडचिरोली गाठायलाच मोठा प्रवास आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तोही रस्ता बंद. त्यामुळे एटापल्ली किंवा सिरोंचाच्या तरुणापर्यंत संस्था पोहोचण्याआधी मोबाइल पोहोचतो. रेंज असेल तिथे.

मग अडचण येते भाषेची. ऑनलाइन मजकूर बहुतांश इंग्रजीत, थोडा हिंदीत. मराठीत पुण्याच्या ‘समपथिक ट्रस्ट’चे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ या कादंबरीसह बरेच लेखन केले. रोजच्या बातमीत मात्र आजही शिवीसारखे शब्द डोकावतात. तमिळनाडू सरकारने मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये योग्य शब्दांची सूचीच राजपत्रात प्रसिद्ध केली. लैंगिकतेवर मोकळेपणाने बोलणे आपल्याकडे अगदीच नवे नाही. गडचिरोलीत ‘सर्च’च्या डॉ. राणी बंग यांची ‘तारुण्यभान’ शिबिरे अनेकांना माहीत आहेत.

वाचताना काय लक्षात ठेवावे?

अनेक घरांत एकच फोन सगळे वापरतात. ब्राउझरचा ‘इनकॉग्निटो’ पर्याय फोनवरची नोंद ठेवत नाही, पण डाउनलोड केलेली फाइल आणि काढलेला स्क्रीनशॉट तसाच राहतो. कुणी ओळख उघड करण्याची धमकी देऊन पैसे मागत असेल, तर तो खंडणीचा गुन्हा आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि मन खचले असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.

तपकिरी कागद आता लागत नाही. पण वाचणाऱ्याला फोन उलटा ठेवावा लागतो, तोपर्यंत ती भीती गेलेली नाही.